उजेडाची फणी आणि देवीचं कडं

तेरच्या कुंभारवाड्यात जन्मलेल्या पोराचं नाव गोरोबा नाही तर काय ठेवणार? दर तिसऱ्या घरात एक गोरोबा. पण आपण सांगतोय तो सरुबाईचा गोरोबा. घरी चाक असून त्यानं आयुष्यात गाडाभर मडकी विकली नाहीत, आणि मुंबईला जाऊन काच फुंकली. गावाला वाटायचं, ह्याचं नशीब फळफळलं. काय फळफळलं ते ज्याचं त्याला ठाऊक.

बहात्तर साली पाणीच नव्हतं. माणसांना प्यायला नाही तिथं माती भिजवायला कोण देतंय? मायलेक दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, आणि तिथं गोरोबाला मच्छिंद्र भेटला. मच्छिंद्र जळकोटचा, भिमाबाईचा एकुलता एक. त्यांच्या घरानं छप्पन्न सालीच बुद्धाचा धम्म घेतलेला. पोरगं कॉलेजात विज्ञान शिकणारं, पण दुष्काळानं कॉलेज सुटलं आणि तेही रस्त्यावर आलं. शिकलेलं म्हणून मुकादमानं त्याच्या हातात मोजणीची टेप दिली. ती मुकादमाची चूक झाली म्हणायची, कारण फोडलेल्या खडीच्या ढिगातली वीतभर खडी मापात खायची त्याची जुनी सवय, आणि मच्छिंद्र बोटभरसुद्धा खाऊ देईना. बायका म्हणायच्या, "मच्छिंद्राच्या टेपला इमान हाय."

त्याच कामावर पटकी आली. गोरोबा दोन दिवसांत मेल्यात जमा झाला. मच्छिंद्रानं त्याला सायकलच्या मागं धोतरानं बांधून दवाखान्यात नेलं, सलाईन लावून घेतलं आणि चार दिवस उशाशी बसून राहिला. गोरोबा उठला. सरुबाईनं मात्र तुळजापूरच्या आईला नवस बोलला होता, त्यामुळं श्रेय तिकडं गेलं. तिनं पायातले वाळे मोडून लेकाला चांदीचं कडं घडवलं. वर रुपयाएवढी चपटी चकती. बारा वर्षं हातातून उतरवायचं नाही, काळं पडू द्यायचं नाही, दर मंगळवारी राखेनं घासायचं, आणि बारा वर्षांनी आईच्या पायावर नेऊन ठेवायचं.

मच्छिंद्र हसला. "सलाईन दवाखान्याचं, सायकल माझी, अन् कडं देवीचं. बरा न्याय हाय की!"

"गप रं," सरुबाई म्हणाली. "सायकलीत बसून तीच आली हुती."

पुढं मच्छिंद्र औरंगाबादेहून एम.एस्सी. झाला आणि मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागला. तिथला काच फुंकणारा म्हातारा निवृत्त झाला तेव्हा मच्छिंद्राला आठवण कुणाची व्हावी? आव्याच्या जाळाचा नुसता रंग बघून मडकी भाजली की कच्ची ते सांगणाऱ्या गोरोबाची. त्यानं कार्ड टाकलं. गोरोबा गेला, सहा महिने ज्योतीवर बोटं पोळून घेतली, आणि असा तयार झाला की साहेब लोकही म्हणू लागले, ह्या गड्याच्या कुपीत हवा शिरत नाही.

ह्या कुप्या कशाला? तर मच्छिंद्र अणू मोजत होता. हसू नका, खरंच. चुलीत चिमूटभर मीठ पडलं की जाळ पिवळा होतो ना, तो पिवळेपणा मिठातल्या सोडियमचा. त्याचीच वाफ गोरोबाच्या कुपीत कोंडायची आणि तिच्यातून उजेड सोडायचा. ह्या सोडियमच्या अणूच्या आत पायऱ्या असतात. त्यातल्या दोन पायऱ्या एकमेकींना इतक्या लागून, की त्यांच्यामधलं अंतर धरायला टेप कुठून आणायची? मग ह्यांनी काय केलं, तर लेसरचा उजेड सलग सोडायचा नाही, त्याचे ठोके पाडायचे. एका सेकंदात कोट्यवधी ठोके, आणि एक ठोका मागंपुढं होता कामा नये. असे बिनचूक ठोके पडले की त्या उजेडात एकच रंग राहत नाही. शेकडो बारीक रंग एकाशेजारी एक उभे राहतात, सारख्या अंतरावर, फणीच्या दातांसारखे. दोन दातांतलं अंतर माहीत असतं. ह्या पायरीपासून त्या पायरीपर्यंत किती दात बसले ते मोजलं की अणूची मोजणी झाली. साहेब लोक त्याला इंग्रजीत काय म्हणायचे ते म्हणोत, हे दोघं त्याला उजेडाची फणी म्हणायचे.

"माझ्या आयला सांगितलं तर म्हणंल, उवा निघत्यात का हिनं?" गोरोबा म्हणायचा.

"सांग, निघत्यात. पर एकच ऊ, अन् ती बी दिसत न्हाय."

तर आकडा होता एक हजार अठ्ठावीस. दर सेकंदाला तितकी दशलक्ष कंपनं, एवढं अंतर. इथवर परदेशातल्या लोकांनी आधीच आणून ठेवलं होतं. दशांशचिन्हाच्या पुढचा अंक मात्र कुणाला छातीठोकपणे सांगता येत नव्हता. चार, पाच का सहा? मच्छिंद्राचा सगळा जीव त्या एका अंकात अडकलेला. त्याच्यावर त्याची डॉक्टरेट, त्याचं पुढचं सगळं आयुष्य. जळकोटच्या पत्र्याच्या खोलीतून आलेला माणूस अणूच्या अंगात टेप लावतोय, आणि ती टेप खरी आहे हे जगानं मान्य करायचं, एवढंच त्याला पाहिजे होतं.

प्रयोगशाळेचा एक नियम होता. आत जाताना अंगठी, घड्याळ, साखळी, चकाकणारं काही अंगावर ठेवायचं नाही. लेसरची रेघ चकाकीवर पडली की कुठं उडेल ह्याचा नेम नाही. गोरोबाचं कडं बघून मच्छिंद्र पहिल्याच दिवशी म्हणाला, "हे काढ बाबा. देवीला सांग, मुंबईत तुला सुट्टी."

 नवस मोडायचा? बारातली चार वर्षं झालेली, आणि आई तिकडं दर मंगळवारी उपाशी. गोरोबानं एक तोड काढली. कडं कोपराखाली वर सरकवलं, त्यावर काळ्या कापडाची पट्टी घट्ट गुंडाळली आणि सदऱ्याची बाही खाली ओढली.

"काढलं का?" मच्छिंद्रानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"काढलं की."

मित्रावर कोण संशय घेतो? मच्छिंद्रानं पुन्हा कधी विचारलं नाही.

तीन वर्षं सुखरूप गेली. एकोणऐंशीच्या मे महिन्यात एका दुपारी मच्छिंद्र लेसरचा आरसा नीट करत होता. हातात चकचकीत स्क्रू ड्रायव्हर. लेसर अडवणारा डोळ्यांवरचा चष्मा त्यानं कपाळावर सारला होता, कारण त्या चष्म्यातून बारीक रेघ धड दिसत नाही. सगळेच सारायचे. पिवळ्या लेसरला जोर देणारी एक हिरवी रेघ असते, खरी जाळणारी तीच. गोरोबा पलीकडून वाकून नवी कुपी बसवत होता. उकाडा मरणाचा, बाही वर खोचलेली, घामानं पट्टी ढिली झाली, आणि कडं घसरत मनगटावर आलं.

गोरोबाला आधी मनगटाला चटका बसला. मग मच्छिंद्र "आई गं!" म्हणून मागं कोसळला. गोरोबानं वर पाहिलं. छतावर एक हिरवा ठिपका होता, आणि त्याचा हात हलेल तसा तो ठिपका हलत होता. त्यानं हात मागं घेतला. ठिपका गेला.

म्हणजे कुणाला संशय असेल तर सांगतो, गोरोबाला कधीही संशय नव्हता. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

मच्छिंद्र उजवा डोळा दाबून फरशीवर बसला होता. त्याचा पहिला शब्द काय असावा? "गोरोबा, तुला कुठं लागलं न्हाय ना?"

तिथंच सांगायला पाहिजे होतं. पण गोरोबानं पट्टी वर ओढली, बाही खाली केली, आणि पाणी आणायला पळाला.

डोळा गेला. सगळा नाही, मधलाच गेला, आणि ते जास्त वाईट. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसायचे, खांदे दिसायचे आणि तोंडाच्या जागी काळा डाग. मोठ्या साहेबांनी चौकशी केली. माणूस वाईट नव्हता, त्यानं गोरोबाला तीनदा विचारलं, काय दिसलं? तीनदा गोरोबा म्हणाला, मी कुपीकडं बघत होतो. मग उरलं काय? कपाळावरचा चष्मा आणि हातातला चकचकीत स्क्रू ड्रायव्हर. मच्छिंद्रानं स्वतःच लिहून दिलं की हात चुकला, रेघेत हत्यार गेलं, कसूर माझा. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच दिवशी सकाळी त्याच्या वहीत दशांशापुढचा अंक उतरला होता. पण बेपर्वा माणसाची मापं धरायची नसतात, म्हणून ती वही कपाटात गेली. संशोधकाची जागा गेली. मच्छिंद्र पत्र्याची ट्रंक घेऊन जळकोटला परतला. पोचल्यावर त्यानं गोरोबाला कार्ड टाकलं. लिहिलं होतं, तू मनाला लावून घेऊ नको, माझ्या हातानं झालं ते.

ते कार्ड वाचून गोरोबा दोन दिवस जेवला नाही. पण बोललाही नाही. भित्रा! दुसरा शब्द नाही त्याला. नोकरी जाईल, आईला कळेल, देवी कोपेल. भीतीला कारणं काय, हवी तेवढी सापडतात.

पुढं दुसऱ्या संशोधकानं तेच माप पहिल्यापासून घेतलं. ऐंशीच्या शेवटी निबंध छापून आला. शेवटच्या ओळीत आभार होते आणि त्यात काचकामासाठी गोरोबाचं नाव होतं. मच्छिंद्राचं कुठंच नव्हतं. ते छापील पान हातात आल्यावर गोरोबाला तिथं उभं राहवेना. तो परत आला आणि सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. तिथं उसाच्या रसात साखर किती ते तपासायचं यंत्र असतं, आणि त्याला सोडियमचा दिवा लागतो. म्हणजे पुन्हा तोच पिवळा उजेड. रोज आठ तास त्यात डोळा घालून बसायचं. पळून पळून माणूस कुठं जातो?

चौऱ्याऐंशीला नवसाची बारा वर्षं भरली. सरुबाई त्याआधीच गेली होती. गोरोबानं कडं काढलं, तुळजापूरला गेला, मंदिराच्या पायऱ्या निम्म्या उतरला आणि परत फिरला. ह्या कड्यानं काय केलं ते माहीत असताना आईच्या पायावर ते ठेवायचं तरी कुठल्या तोंडानं? त्याच काळ्या पट्टीत गुंडाळून त्यानं ते ट्रंकेत टाकलं.

शहाऐंशीला पुन्हा दुष्काळ. उसाची चिपाडं झाली, गाळप लवकर आटपलं. कारखान्याचे केमिस्ट वीरप्पा अण्णा म्हणाले, सभासदांचं माती-पाणी तपासायला खोली उघडतोय, यंत्रं आलीत, पण ती समजणारा माणूस पाहिजे. नमुना ज्योतीत जाळायचा आणि सोडियम किती, पोटॅशियम किती ते उजेडावरून वाचायचं. 

"अण्णा, हाय एक माणूस. त्याच्याएवढा अख्ख्या जिल्ह्यात न्हाय," गोरोबा म्हणाला, आणि मच्छिंद्राच्या डोळ्याचंही सांगितलं.

"एका डोळ्यानं अधू आहे म्हणता ना?"

"त्याचा एक डोळा आपल्या दोघांच्या चारांना भारी हाय."

अण्णांनी पत्र दिलं. गोरोबानं ट्रंकेतलं कडं घेतलं, ते छापील पान घेतलं आणि एस.टी.त बसला. मनातला हिशेब साधा होता. मच्छिंद्राला कामाला लावायचं, म्हणजे फिटलं. वाटेत तुळजापूर आहेच, परतताना कडं देवीला. कुणाला काही सांगायची गरज नाही.

जळकोटला घरी भिमाबाई एकटीच होती. खूप थकलेली, मोतीबिंदू काढलेला. "मच्छिंद्र नालाबंडिंगच्या कामावर हाय," ती म्हणाली. "पाट्या टाकाय." एम.एस्सी. झालेला माणूस पाट्या टाकतोय! गोरोबाला वाटलं, निदान टेप तरी दिली असेल. दुपारी मच्छिंद्र आला, अंगभर धूळ. गोरोबाला ओळखायला त्यानं मान वाकडी करून डाव्या डोळ्यानं पाहिलं, आणि मग गळामिठी घातली.

"सात वर्सं झाली रं! कुठं मेला हुतास?"

गोरोबानं दिलेलं पत्र त्यानं वाचलं. घडी घालून त्यानं ते परत दिलं.

"न्हाय जमायचं."

"का न्हाय?"

"मोजायचं काम हाय हे. म्या मोजत न्हाय आता. इथं मुकादम टेप देत हुता, म्हणलं नगं, पाटी दे. माझ्या हातात खोट हाय, गोरोबा. हात कवा निसटंल, मला कळत न्हाय. शेतकऱ्यानं इश्वासानं माती आणायची अन् म्या चुकीचा आकडा द्यायचा?"

"तसं काय न्हाय."

"तुला काय ठावं? आयच्या डोळ्यात औषध घालायचं हुतं महिनाभर. बाटली उचलली की हात कापाय लागायचा. शेजारची पोरगी येऊन घालायची. पोटच्या लेकानं आयच्या डोळ्याला हात लावू नये, ही गत हाय."

गोरोबाला वाटत होतं, आपण ह्याचा डोळा घेतलाय. आत्ता त्याला कळलं काय घेतलंय ते. खिशातलं पत्र, मनातला हिशेब, सगळं फोल झालं. त्यानं पिशवीतून काळी पट्टी काढली, सोडली, आणि कडं सतरंजीवर ठेवलं.

"तुझ्या हातानं काय झालं न्हाय," तो म्हणाला. "हे हातात हुतं माझ्या. काढलं न्हवतं म्या. पट्टीखाली हुतं. त्या दिशी घसरलं अन् रेघ ह्याच्यावरनं उडाली. छतावर ठिपका म्या बघितला."

मच्छिंद्र कड्याकडं बघत राहिला. त्यानं चकती उजेडाकडं धरली. तिच्यावर अजून चमक होती, सरुबाईच्या लेकानं बारा वर्षं इमानानं राखेनं घासली होती ना! मच्छिंद्रानं कडं खाली ठेवलं. मग त्यानं विचारलं,

"आकडा आला का?"

गोरोबानं छापील पान पुढं केलं. मच्छिंद्रानं ते डाव्या डोळ्याला चिकटवल्यासारखं धरलं आणि ओळीवर बोट फिरवत गेला. बोट थांबलं.

"पाच," तो म्हणाला. "माझ्या वहीत पाचच हुतं."

मग त्याचं बोट खाली शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, तिथं गोरोबाचं नाव होतं. ते त्यानं दोनदा वाचलं.

"तवाच का बोलला न्हाईस?"

"नोकरी गेली असती."

"तुझी गेली असती. माझी ऱ्हायली असती." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "डोळ्याचं जाऊ दे. चष्मा म्याच वर केला हुता. पर हे हात? सात वर्सं म्या ह्या हातांला शिव्या घातल्या. ह्यांच्यात खोट न्हवतीच. तुला ठावं हुतं. अन् वर माझं कार्ड वाचून गप बसलास."

गोरोबा रडायला लागला. भिमाबाईला आतून नीट ऐकू आलं नव्हतं. तिला वाटलं, जुने मित्र भेटले, गहिवर आला. टँकरच्या रांगेत सकाळपासून उभं राहून आणलेल्या घागरीतलं पाणी तिनं तांब्याभर आणून गोरोबापुढं ठेवलं.

"घे बाबा. लांबनं आलास."

"पी," मच्छिंद्र म्हणाला. "पी अन् जा. परत यायचं न्हाय."

 गोरोबा प्याला, दुष्काळात टाकायचं कसं? उठून त्यानं कडं पट्टीत गुंडाळायला घेतलं, तेव्हा मच्छिंद्र म्हणाला, "कुठं न्यायलास ते?"

"तुळजापूरला. बारा वर्सं झाली. नवस फिटला."

"देवीचा फिटला आसंल. माझा न्हाय फिटला. घाल हातात."

गोरोबानं घालायला घेतलं. हात आता जाड झाला होता, कडं अंगठ्याच्या हाडापुढं जाईना. मच्छिंद्र पुढं सरकला. गोरोबाचा पंजा त्यानं एका हातात आवळला आणि दुसऱ्या हातानं कडं हाडावरून थोडं थोडं, नेमकं सरकवत नेलं. कातडी सोलली, रक्त आलं. गोरोबा त्याच्या बोटांकडं बघत होता. बोटं जरासुद्धा कापत नव्हती. हे मच्छिंद्राच्याही ध्यानात आलं असावं, कारण कडं मनगटावर बसल्यावरही तो स्वतःच्या हातांकडं बघत राहिला.

गोरोबा तुळजापूरला न उतरता सरळ घरी गेला. वीरप्पा अण्णांना त्यानं सांगितलं, माणूस येत नाही. पुढं नालाबंडिंगच्या मुकादमाकडून कानावर आलं, की जळकोटच्या कामावर एका डोळ्याचा माणूस आता टेप धरतो आणि बोटभर माती खाऊ देत नाही. कारखान्यात तो आला नाही, आणि त्याचं कार्डही पुन्हा आलं नाही.

कडं गोरोबानं नंतर कधी घासलं नाही. ते पार काळं पडलं. कारखान्यातले लोक विचारायचे, "गोरोबा, नवसाचं दिसतंय. कुठल्या देवाचं?"

"जळकोटचं," तो सांगायचा, आणि पिवळ्या दिव्यात पुन्हा डोळा घालायचा.